धोतर, कांगडी आणि त्वचेचा कर्करोग

‘आपण सावळे, आपल्याला कुठला त्वचेचा कर्करोग!’ असे तुम्हालाही वाटते का? मग हा इतिहास वाचा.

काश्मिरी लोक थंडीत निखाऱ्यांची कांगडी फिरनच्या आत पोटाशी धरतात. तेथील रुग्णांच्या पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध या शेकाशी आहे, असे डॉ. विल्यम एल्मस्ली यांनी १८६६ साली लिहिले. पुढे १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी कमरेवरच्या ‘धोतर कर्करोगा’ची नोंद केली.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन उन्हातील अतिनील किरणांपासून बरेच संरक्षण देते. पण शेक आणि घर्षण यांपुढे त्याचे काही चालत नाही. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बसली, की तिथली त्वचा आधी काळवंडते, मग खवले सुटतात, जखम होते आणि क्वचित तिचाच कर्करोग होतो.

धोतर मागे पडले, परकराची नाडी मात्र आजही तशीच काचते. साडी नेसणाऱ्या स्त्रियांमध्येही असा कर्करोग आढळला आहे. म्हणून नाडीऐवजी रुंद पट्टी वापरा, बांधण्याची जागा बदलत राहा. कमरेवरची किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर नुसती मलमे लावत बसू नका. तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग दिसला, तरी डॉक्टरांना दाखवा. वेळेवर आलेला रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो.