आवाज आपला, कॅसेट कुणाची? प्रल्हाद शिंदे, अमर शेख आणि जपून न ठेवलेला इतिहास

आषाढी जवळ आली की मराठवाड्यातल्या दिंड्या बार्शीवरून पुढे सरकतात. त्या आठवड्यात चहाच्या टपरीपासून टमटमच्या टेपपर्यंत एकच आवाज कानावर येतो. तो प्रल्हाद शिंदे यांचा. पंढरीच्या वाटेचे त्यांचे ते गाणे ऐकले नाही असा माणूस सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. पण टपरीवाल्याला विचारा, हा गायक कोण, कुठला? उत्तर येत नाही. मग आपल्याच वस्तीत येऊन विचारा, याच गळ्यातून निघालेली जुनी भीमगीते कुणाकडे आहेत? तेव्हा आपली माणसे म्हणतात, "यूट्यूबवर असतील की."

आमचे भांडण या "असतील की"शी आहे.

आधी थोडे लांबचे उदाहरण घेतो. अमेरिकेत एल्विस प्रेस्ली नावाचा गोरा गायक होऊन गेला. रॉक अँड रोलचा राजा म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतले. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याने ध्वनिमुद्रित केलेले 'दॅट्स ऑल राइट' हे गाणे मुळात आर्थर क्रडप या काळ्या गायकाचे. क्रडपने ते १९४६ मध्येच मुद्रित केले होते. 'हाउंड डॉग' हे गाणे बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने १९५२ मध्ये गायले, एल्विसने १९५६ मध्ये. नाव कुणाचे झाले हे सांगायला नको. क्रडप १९७४ मध्ये वारला, तोवर हक्काच्या मानधनासाठी भांडत राहिला आणि हाती फारसे काही लागले नाही.

ही चोरीची कथा आपल्या वाचकांना नवी नाही. ब्लॅक पँथर आणि दलित पँथर यांचे नाते आपण शाळेतल्या धड्यासारखे पाठ केले आहे. पण या कथेचा दुसरा अर्धा भाग आपण कधी वाचला नाही. एल्विसच्या ध्वनिमुद्रणांचे पुढे काय झाले? १९८७ मध्ये कंपनीने सन स्टुडिओतली त्याची मुद्रणे एकत्र करून काढली. १९९२ मध्ये पन्नासच्या दशकातली सगळी गाणी पाच सीडींच्या संचात आली. गाणे कोणत्या तारखेला, कोणत्या स्टुडिओत गायले, गिटारवर कोण होते, कितव्या प्रयत्नाला गाणे जमले, फसलेले प्रयत्न कोणते, हे सगळे नोंदलेले. जर्मनीत १९७५ पासून बेअर फॅमिली नावाची कंपनी अशा जुन्या गायकांचे संच काढते आणि सोबत चांगले जाडजूड पुस्तक देते. एका गोऱ्या पोराचा चुकलेला सूरसुद्धा तारीखवार जपला गेला. आपल्या गायकांच्या कॅसेटवर मात्र साल छापलेले नसते. मग त्या दिवशी ढोलकीवर कोण होते, हे कुठून कळणार?

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा, मंगळवेढा भागातला. आई-वडिलांबरोबर भजन-कीर्तन करत हा मुलगा वाढला. पुढे मुंबईत इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये उभा राहिला. कव्वालीचा तो चढा सूर, टाळीवर तोललेली लय आणि श्रोत्याला अंगावर घेण्याची धमक पुढे भीमगीतात आली ती या शाळेतून. २३ जून २००४ रोजी त्यांचे निधन झाले. आनंद, मिलिंद आणि नातू आदर्श हे तर महाराष्ट्राला ठाऊकच आहेत. एका घरात तीन पिढ्या गातात आणि तिन्ही पिढ्यांना बाजारात खप आहे, असे दुसरे घराणे मराठीत चटकन आठवत नाही. पण 'घराणे' हा शब्द आपण त्यांना लावत नाही. तो शब्द शास्त्रीयवाल्यांनी राखून ठेवला आहे.

आता बाजाराचे गणित पाहा. विठ्ठलाचे गाणे दरवर्षी आषाढीला आणि कार्तिकीला नव्याने विकले जाते. म्हणून कंपनीला मूळ टेप सांभाळावी लागते, साफ करावी लागते, सीडीवर आणि नंतर मोबाइलवर आणावी लागते. भीमगीतांचा मोठा भाग मात्र ऐंशीच्या दशकात, कॅसेट स्वस्त झाल्यावर, लहान लहान कंपन्यांनी काढला. १४ एप्रिलच्या आधी चार हजार-पाच हजार प्रती काढायच्या, चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या रस्त्यावर विकायच्या आणि पुढच्या वर्षी नवा माल आणायचा, असा तो धंदा. कॅसेटचा धंदा बसला तेव्हा अशा कंपन्या मिटल्या. मूळ टेप कुठे गेल्या, कोण सांगणार? बौद्ध गायकाचा विठ्ठल टिकला आणि त्याच गायकाचा भीम विरत चालला. यात कुणी एकाने बसून कट केला असे आम्ही म्हणत नाही. जे विकते ते जपले जाते, एवढ्या साध्या नियमाने ते घडले, आणि म्हणूनच ते जास्त गंभीर आहे.

इथे आमच्यातल्याच काही कार्यकर्त्यांशी आमचे मतभेद आहेत. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या गायकाने विठ्ठल का गायला? संग्रह करायचाच तर फक्त भीमगीतांचा करा," असे ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. गायक पोटासाठी गातो, कंपनी सांगते ते गातो, आणि लहानपणापासून कानात बसलेलेही गातो. निवडक संग्रह केला की तो गायकाचा राहत नाही, आपल्या सोयीचा होतो. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवताना, पंढरपूरचा विठ्ठल मूळचा बुद्धच आहे हे आपण दाखवून देणार, असे सांगितले होते. त्याचा आधार घेऊन आम्ही कुणाला सूट देत नाही. एवढेच म्हणतो की या जिल्ह्यात विठ्ठल आणि आपण यांचे नाते एका वाक्यात निकालात काढता येत नाही.

आणि मंगळवेढा हे गाव विसरू नका. चोखोबा तिथलेच. गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून १३३८ साली ते गेले असे परंपरा सांगते. त्यांचे अभंग अनंतभट नावाच्या ब्राह्मणाने उतरून घेतले, असेही तीच परंपरा सांगते. खरे-खोटे अभ्यासकांनी ठरवावे. पण सहाशे-सातशे वर्षे आपल्या माणसाचा शब्द टिकला तो दुसऱ्याच्या लेखणीत, ही गोष्ट आम्हाला बोचते. आज लेखणी आपल्या हातात आहे, मोबाइलही आहे. तरी प्रल्हाद शिंदेंच्या सर्व ध्वनिमुद्रणांची साधी यादी आमच्या हाती पडत नाही.

बार्शीकरांनी तर आणखी एका आवाजाचा हिशेब द्यायचा आहे. २० ऑक्टोबर १९१६ रोजी या गावात मेहबूब हुसेन पटेल जन्मले. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, मग संप आणि तुरुंग. कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत त्यांना अमर शेख हे नाव मिळाले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लालबावटा कलापथक उभे राहिले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या डफाने मैदाने गाजवली. २९ ऑगस्ट १९६९ ला इंदापूरजवळ अपघातात ते गेले. 'कलश', 'धरतीमाता' हे कवितासंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक मागे राहिले. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या १९५४ च्या चित्रपटात ते दिसतात. पण ज्या आवाजाने लाख माणसे एका जागी बसत, त्याचा अंदाज पुस्तकावरून कसा घ्यायचा? ते कम्युनिस्ट होते, आणि कम्युनिस्टांशी आपले वाद काय होते ते आम्हाला ठाऊक आहे. आवाज जपताना पक्षाचे कार्ड तपासत बसलो तर अण्णाभाऊंनाही दारातून परत पाठवावे लागेल.

विलास घोगरेंचे उदाहरण याच्या उलट आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली आणि त्यानंतर काही दिवसांत घोगरेंनी स्वतःला संपवले. त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो, कारण आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये त्यांना गाताना टिपले होते आणि पुढे 'जय भीम कॉम्रेड' करताना ते पुन्हा पुढे आणले. एक कॅमेरा योगायोगाने तिथे होता.

गेल्या दीड वर्षात आम्ही काही मित्रांनी बार्शी आणि आजूबाजूच्या गावांत कॅसेटा गोळा करायला सुरुवात केली. पोत्यात, माळ्यावर, पेटीत साडीच्या खाली, कुठे कुठे सापडतात. बऱ्याच कॅसेटांना बुरशी आलेली, काहींचा फेल्टचा तुकडा गळालेला, काहींवर नातवाने हिंदी सिनेमाची गाणी भरलेली. कॅसेटचे पाच स्क्रू काढून फीत दुसऱ्या खोक्यात बसवायला आता आम्हाला दहा मिनिटे लागतात. पहिली फीत आम्ही तोडली होती, हेही सांगून टाकतो. टेपच्या हेडचा कोन जरा चुकला की आवाज कोंडल्यासारखा येतो, म्हणून प्रत्येक कॅसेटला तो बारका स्क्रू फिरवून कानाने लावावा लागतो. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचे शास्त्र आणखी वेगळे. त्या लाखेच्या असतात. एका उत्साही मित्राने एक तबकडी स्पिरिटने पुसायला घेतली होती, वेळेत हात धरला. स्पिरिटमध्ये लाख विरघळते. पुढच्या लाँग प्ले रेकॉर्डची बारीक सुईही तिला चालत नाही, तिची खाच रुंद असते आणि सुई जाड लागते. तबकडीच्या मधल्या गुळगुळीत भागावर बारीक कोरलेला क्रमांक असतो, तो लेबलावरच्या क्रमांकाहून अनेकदा वेगळा असतो. तो उतरवून घ्या. साल ठरवायला पुढे तोच उपयोगी पडतो.

या सगळ्यात आमच्या हाती लागलेली सर्वांत मोलाची वस्तू कुठल्याही कंपनीची नाही. कुणीतरी जयंतीच्या रात्री स्टेजजवळ टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली ती नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. गायन पार्टी कोणती तेही त्यावर लिहिलेले नाही. पण दोन गाण्यांच्या मध्ये बक्षिसांची नावे वाचली जातात. कुणाचे दोन रुपये, कुणाचे पाच, महिला मंडळाचे अकरा. एक बाई आपल्या वारलेल्या मुलाच्या नावाने एक रुपया देते आणि तेच गाणे पुन्हा म्हणायला लावते. गायक म्हणतो, रुपया परत घ्या माय, गाणे म्हणतो. बाई ऐकत नाही. समाजशास्त्राच्या एम. ए.ला आम्ही चळवळीच्या अर्थकारणावर प्रश्नोत्तरे लिहिली, त्यात ही बाई कुठेच नव्हती. हे ऐकल्यापासून 'फक्त गाणी कापून ठेवा, मधली बडबड काढून टाका' असे म्हणणाऱ्यांचे आम्ही ऐकत नाही. यूट्यूबवर नेमके तेच झालेले असते. बडबड कापलेली, गीतकाराचे नाव गाळलेले, खाली डीजेचा ठेका चिकटवलेला.

कायद्याचे बोलू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे १९६४ पर्यंत निघालेल्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क संपला आहे. पण गाण्याच्या शब्दांचा हक्क गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असतो. अमर शेखांचे शब्द २०२९ अखेरपर्यंत, वामनदादा कर्डकांचे २०६४ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे. वारसांना विचारल्याशिवाय आणि त्यांचा वाटा दिल्याशिवाय पुनर्प्रकाशन करू नये, या मताचे आम्ही आहोत. क्रडपशी जे झाले ते आपण आपल्या कवींशी करायचे नाही. आणि १९८५ ची कॅसेट? तिच्यावरचा हक्क २०४५ अखेरपर्यंत. तोवर फीत साठ वर्षांची झालेली असेल आणि बहुधा वाजणार नाही. गायकाला कलावंत म्हणून कायद्याने हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीत. त्याआधी गायलेल्यांच्या हातात बिदागीशिवाय काही नव्हते.

पण २०१२ च्या दुरुस्तीत एक दार उघडे आहे, त्याकडे आपले लक्ष गेलेले नाही. नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे मूळ कॅसेट किंवा तबकडी असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत करायला कलम ५२ परवानगी देते. विकता येणार नाही, इंटरनेटवर टाकता येणार नाही, पण जपता येईल. आपल्या जिल्ह्यात किती बुद्धविहारांत वाचनालये आहेत? तिथे पुस्तकांच्या कपाटाशेजारी कॅसेटचे एक कपाट का नसावे? एका विहाराच्या समितीपुढे आम्ही हा विषय मांडला तेव्हा आधी कमानीच्या रंगाचा विषय झाला, मग स्पीकरच्या नव्या संचाचा, आणि आमचा विषय पुढच्या बैठकीवर गेला. पुढची बैठक अजून व्हायची आहे.

तोपर्यंत ज्यांच्या घरात अशा कॅसेटा आहेत त्यांना एक काम करता येईल. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना दोन लहान प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या पेनाच्या टोकाने मोडून टाका. मग तिच्यावर चुकूनही दुसरे काही भरले जाणार नाही. वाजवून पाहायची घाई करू नका, बुरशी असेल तर फीत मशीनमध्ये गुंडाळते. एका कागदावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा, ही कॅसेट कुठून घेतली, कोणत्या साली, कोण गातोय, ढोलकी कुणाची. कागद कॅसेटसोबत रबराने बांधून ठेवा. पुसल्या जाणाऱ्या शाईने नको, पेन्सिलने लिहा.