रजा मंजूर व्हावी: इंग्रजी क्रियापदांच्या अर्थांकडे जाताना

पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात मराठीत लिहिलेला रजेचा अर्ज बहुधा एकाच वळणाने संपतो: ‘तरी माझी दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही विनंती.’ हाच अर्ज इंग्रजीत ‘आय रिक्वेस्ट दॅट माय लीव्ह बी ग्रँटेड’ असा होतो आणि शिकणारा अडखळतो. ‘इज’ कुठे गेले? नुसते ‘बी’ कसे चालले? उत्तर त्याच्याच मराठी अर्जात आहे. रजा अजून मंजूर झालेली नाही, ती व्हावी अशी इच्छा आहे. ‘होते’ आणि ‘व्हावी’ यांत जो फरक, तोच इथे ‘इज’ आणि ‘बी’ यांत.

क्रियापदातून क्रिया आणि काळ कळतो, तसा बोलणाऱ्याचा पवित्राही कळतो. तो घडलेले सांगतो आहे, हुकूम करतो आहे, इच्छा धरतो आहे की ‘असे झाले असते तर’ म्हणतो आहे? मराठी व्याकरण याला क्रियापदाचा अर्थ म्हणते, इंग्रजी व्याकरण मूड. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ हे आपण शाळेत पाठ केले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. ते पुन्हा हाती घ्यावेत, असे मला मनापासून वाटते. पाणिनीच्या लकारांत आज्ञेला लोट् होता, विधीला लिङ्, संकेताला लृङ्. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’पासून (1836) मोरो केशव दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’पर्यंत (1911) आपल्या व्याकरणकारांनी क्रियापदावर अपार कष्ट घेतले आहेत. इंग्रजी शिकताना ती शिदोरी घरी ठेवून जाण्याचे कारण नाही.

विध्यर्थ जरा जवळून पाहू. ‘कामगार बूट घालतो’, पण ‘कामगाराने बूट घालावेत’, ‘टोपी घालावी’. कर्त्याला ‘ने’ लागला आणि क्रियापद कर्माच्या मागे गेले. हे ‘आवे’ संस्कृतातल्या ‘तव्य’ प्रत्ययापासून प्राकृतमार्गे आले. ‘तेन कर्तव्यम्’ म्हणजे ‘त्याने करावे’. कर्त्याची तृतीया तिथूनच चालत आली आहे.

इंग्रजीचे उलटे झाले. जुन्या इंग्रजीत अशा अर्थांसाठी वेगळे प्रत्यय होते, ते झिजत गेले. ‘गॉड सेव्ह द किंग’मधले ‘सेव्ह’ किंवा ‘इफ आय वेअर यू’मधले ‘वेअर’ अशा काही खुणा उरल्या. बाकीचा भार शॅल, शुड, मे, वुड यांनी उचलला. शिवाय भूतकाळाचे रूप दर वेळी भूतकाळच सांगते असेही नाही. ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ यात गोष्ट उद्याची आहे. मुळशीतला भातशेतकरी ‘उद्या पाऊस आला, तर लावणी करू’ म्हणतो, तेव्हा तोही हेच करतो. फक्त ‘आला’मध्ये पावसाची आशा शाबूत असते, ‘रेन्ड’मध्ये ती पातळ झालेली असते.

कारखान्यात मात्र हा विषय कामाच्या सुरक्षिततेशी येऊन भिडतो. आयएसओच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे बंधन, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी, ‘कॅन’ म्हणजे शक्यता किंवा क्षमता. सूचनांचे मराठी करताना ‘शॅल’ आणि ‘शुड’ या दोहोंना ‘तपासावे’ लिहिले, तर यंत्रापाशी उभ्या माणसाने ते सक्तीचे धरायचे की सल्ला म्हणून? आपला विध्यर्थ सभ्य आहे, म्हणून तो दोन्हीकडे खपतो. मी तरी बंधनाला ‘तपासलेच पाहिजे’ लिहीन आणि ‘तपासावे’ शिफारशीसाठी राखून ठेवीन.

‘शॅल’, ‘शुड’ यांना मूड म्हणावे का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. ऑटो येस्पर्सन यांनी ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’मध्ये (1924) क्रियापदाच्या रूपात दिसतात तेवढेच मूड मानले. मला त्यांचे म्हणणे पटते. तरी पुढच्या पाठांत सहायक क्रियापदे सोडलेली नाहीत, कारण शिकणाऱ्याची अडचण तिथेच आहे. सुरुवात आज्ञार्थाने केली आहे. ‘थांब’ आणि ‘स्टॉप’, दोन्ही भाषांत क्रियापद मूळ रूपात येते. पण ‘थांब’ आणि ‘थांबा’ यांतला मान इंग्रजी क्रियापदात मावत नाही; तो ‘प्लीज’ने, ‘वुड यू’ने किंवा आवाजाने भरून काढावा लागतो. पहिला पाठ त्यावरच आहे.