मिनी मेट्रो : एक नगर-कोडेखेळ आणि खेळाडूंची मते

मिनी मेट्रो : वाढत्या शहराचे मेट्रोजाळे आखण्याचा, कोड्याच्या अंगाने जाणारा व्हिडिओ गेम. न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या ‘डायनासोर पोलो क्लब’ या छोट्या कंपनीने तो तयार केला. पीटर व रॉबर्ट करी हे बंधू त्याचे मुख्य निर्माते. एप्रिल २०१३ मध्ये ‘लुडम डेअर’ या, मोजक्या तासांत गेम बनवण्याच्या स्पर्धेत त्यांनी ‘माइंड द गॅप’ नावाचा कच्चा नमुना सादर केला होता. त्या वेळचा विषय होता मिनिमलिझम, म्हणजे कमीत कमीत काम भागवणे. तोच नमुना वाढवून २०१४ मध्ये तो अपूर्ण अवस्थेतच खेळाडूंच्या हाती देण्यात आला आणि ६ नोव्हेंबर २०१५ रोजी संगणकावर पूर्ण स्वरूपात आला. पुढच्या वर्षी तो मोबाइलवर व २०१८ मध्ये निन्टेन्डो स्विचवर पोहोचला.

स्वरूप : विल राइट यांच्या ‘सिमसिटी’ने (१९८९) शहर उभारणीच्या खेळांचा साचा घालून दिला. त्यात रस्ते, वीज, घरे, कारखाने सगळे खेळाडू ठरवतो. मिनी मेट्रोत शहर आपोआप वाढते आणि खेळाडूच्या हाती फक्त रेल्वेच्या रेषा असतात. इमारती, पैसा, कर, निवडणुका यांतले काहीही नाही. पांढऱ्या पडद्यावर नदीचा फिकट पट्टा आणि तीन आकृत्या (वर्तुळ, त्रिकोण, चौकोन) एवढ्यावर डाव सुरू होतो. या आकृत्या म्हणजे स्थानके. प्रवासीसुद्धा छोट्या आकृत्याच असतात. त्रिकोणी प्रवाशाला कुठलेही त्रिकोणी स्थानक चालते, मग ते जवळचे असो वा गावाच्या टोकाचे. रेषा ४५ किंवा ९० अंशांतच वळतात. ही शैली हॅरी बेक यांनी आखलेल्या, १९३३ मध्ये छापल्या गेलेल्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशावरून आली आहे.

खेळातील प्रत्येक आठवड्याच्या शेवटी एक नवे इंजिन मिळते. शिवाय नवी मार्गिका, जादा डबा, नदीखालचा बोगदा, मोठे अदलाबदल स्थानक अशा गोष्टींपैकी दोन समोर ठेवल्या जातात, त्यांतली एक निवडायची. एखाद्या स्थानकावर क्षमतेपेक्षा जास्त प्रवासी साचले, की त्याभोवती वर्तुळाकार घड्याळ भरू लागते. ते पूर्ण भरले की मेट्रो बंद आणि डाव खलास. तोवर पोहोचवलेले प्रवासी हेच गुण.

डावपेच : नवखा खेळाडू जवळची स्थानके जोडत सुटतो आणि पहिला फटका तिथेच बसतो. नकाशावर वर्तुळे भरपूर आणि चौकोन मोजके असतात. सलग चार वर्तुळे एका रेषेवर आली, तर त्या चारांवरचे प्रवासी एकमेकांच्या स्थानकांवर उतरतच नाहीत. सगळे गाडीत बसून राहतात आणि पुढच्या स्थानकावर गाडी भरलेलीच येते. म्हणून अनुभवी खेळाडू वर्तुळ-त्रिकोण-वर्तुळ-चौकोन असा फेर साधतात, त्यासाठी रेषा थोडी लांबली तरी चालवून घेतात. पुढे पंचकोन, तारा, क्रॉस अशी एकेकटी स्थानके उगवतात. त्या आकाराचा प्रत्येक प्रवासी शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून त्या एकाच ठिकाणी जायला निघतो आणि नीट बसवलेली घडी विस्कटते.

खेळाडूंची मते : ‘स्टीम’ या विक्रीमंचावर या खेळाविषयीचे अभिप्राय प्रचंड बहुमताने अनुकूल आहेत. स्तुतीचा पहिला मुद्दा साधेपणाचा. नियम वाचावे लागत नाहीत. रेषा ओढली की खेळ कळतो. दुसरा मुद्दा संगीताचा. ‘डिझास्टरपीस’ या नावाने ओळखले जाणारे संगीतकार रिच व्रीलँड यांनी ठरीव धून न देता गाड्या आणि प्रवाशांच्या हालचालींतून ध्वनी उमटण्याची योजना केली. जाळे जसे वाढते तसा नाद दाट होतो. २०१६ च्या इंडिपेन्डन्ट गेम्स फेस्टिव्हलमध्ये खेळाला ध्वनीसाठीचा पुरस्कार मिळाला.

मतभेद आहेत ते मुख्यतः तीन बाबतींत. पहिली बाब नशिबाची. नवे स्थानक कुठे व कोणत्या आकाराचे उगवेल हे आधी कळत नाही. बोगदे संपलेले असताना नदीपलीकडे एकामागून एक वर्तुळे आली, तर चांगला डावही हातचा जातो. कोडे म्हटले की त्याला उत्तर असलेच पाहिजे, असे मानणाऱ्यांना हे खटकते. शहर कुणाला विचारून वाढत नाही, हेच खेळाचे मर्म, असे दुसरी बाजू म्हणते.

दुसरी बाब रेषा पुसण्याची. नेहमीच्या पद्धतीत खेळ थांबवून मार्ग हवे तितक्या वेळा बदलता येतात. गर्दी झाली की गाडी उचलून दुसऱ्या मार्गिकेवर ठेवायची, रेषा वळवायची, संकट टळले की पुन्हा पूर्ववत करायची. गुण वाढवण्याचा हा राजमार्ग आहे. पण अनेकांच्या मते त्याने नियोजन मागे पडते आणि नुसती धावपळ उरते. त्यांच्यासाठी ‘एक्स्ट्रीम’ पद्धत आहे. तीत एकदा आखलेली रेषा कायमची.

तिसरी बाब शेवटाची. नेहमीच्या पद्धतीत जिंकणे नाहीच. प्रवासी वाढतच जातात आणि कधीतरी जाळे कोलमडते. काहींना हा ताण हवाहवासा वाटतो, काहींना ते मेहनतीवर पाणी वाटते. न हरता खेळता येणारी ‘एंडलेस’ आणि स्थानकेही स्वतः मांडण्याची ‘क्रिएटिव्ह’ या पद्धती अशा खेळाडूंना आवडतात. विरंगुळा म्हणून खेळ उघडणारे एंडलेसकडे वळतात, गुणांची चढाओढ करणारे रोजच्या आव्हानाकडे.

मुंबई व नागपूर : खेळात लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, कैरो यांबरोबर मुंबईचा नकाशा आहे, नागपूरचा नाही. तरी नागपूरची मेट्रो खेळाच्या भाषेत सहज मांडता येते : दोन मार्गिका आणि एक अदलाबदल स्थानक. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही नारिंगी मार्गिका आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही ॲक्वा मार्गिका सीताबर्डीत एकमेकींना छेदतात. पहिला भाग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्या. नागपूरच्या धंतोली भागातल्या माणसाला काँग्रेसनगरला बसून लोकमान्यनगरला जायचे, तर सीताबर्डीला उतरून गाडी बदलणे आले. खेळात असे एकमेव छेदस्थानक हे सर्वांत आधी भरणारे ठिकाण ठरते. म्हणून जाणकार खेळाडू दुसरा छेद लवकर तयार करतात.

इथेच खेळ आणि वास्तव यांची फारकत दिसते. नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो असा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल आहे. तो उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. प्रत्यक्षातली प्रत्येक मेट्रो एक्स्ट्रीम पद्धतीचीच असते. धंतोलीत दवाखाने दाटीने आहेत आणि बाहेरगावचे रुग्ण व नातेवाईक तिथे सतत येत असतात. खेळात हा भाग क्रॉसच्या आकाराचे एकुलते एक स्थानक झाला असता आणि सगळ्या रेषा त्याच्याकडे ओढल्या गेल्या असत्या. पण खेळातला प्रवासी फलाटावर निमूट उभा राहतो. तो दुचाकी काढत नाही, ऑटो करत नाही, तिकिटाचे पैसे मोजत नाही, उतरल्यावर दवाखान्यापर्यंत कसे जायचे याची फिकीर करत नाही. गर्दी हे खेळातले एकमेव संकट आहे. खऱ्या मेट्रोला रिकामे डबेही तितकेच जड जातात, आणि त्यासाठी खेळात कुठलेही घड्याळ भरत नाही.

उत्तरखेळ : याच कंपनीचा ‘मिनी मोटरवेज’ २०१९ मध्ये ॲपल आर्केडवर आणि २०२१ मध्ये संगणकावर आला. त्यात रुळांऐवजी रस्ते आणि प्रवाशांऐवजी मोटारी आहेत. दोहोंत सरस कोणता, यावर खेळाडूंत एकमत नाही. रस्त्यांच्या खेळात जागा पुरवण्याचे कोडे मोठे, तर मेट्रोत गाड्या पुरवण्याचे.

मूल्यमापन : नगररचनेचे पाठ्यपुस्तक म्हणून मिनी मेट्रो अपुरा आहे. जमीन, भाडे, राजकारण आणि माणसाची आवडनिवड त्याने मुद्दाम बाहेर ठेवली आहे. मात्र रेषा कुठून न्यावी, छेद कुठे द्यावा, एका ठिकाणचा ताण दुसरीकडे कसा सरकतो, एवढे समजून घ्यायला याइतके सोपे आणि चोख साधन क्वचितच सापडेल. नवख्याने लंडनपासून सुरुवात करावी आणि नियम अंगवळणी पडले की एक्स्ट्रीम पद्धत घ्यावी. या खेळाचे खरे कोडे तिथेच आहे.