जुना पेट्रोल ट्रक: कार्ब्युरेटर की इंजेक्शन

जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. त्या काळचे ट्रक पेट्रोलचे आणि अर्थातच कार्ब्युरेटरचे. 1954 पासून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक आले आणि मालवाहतुकीतून पेट्रोल हटत गेले. कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवावे का, हा प्रश्न उरला तो हौसेने जपलेल्या जुन्या गाड्यांपुरता.

जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनपंपही बहुधा झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टवरच्याच एका उंचवट्याने हलतो. त्याचा दाब जेमतेम पाव-अर्धा बार, आणि कार्ब्युरेटरला तेवढा पुरतो. इंजेक्शनच्या बहुतेक संचांना तीन-चार बार लागतात. म्हणजे विजेचा पंप, परतीची नळी, ऑक्सिजन सेन्सर आणि खात्रीचा अल्टरनेटर, एवढे सगळे आले. कॅमशाफ्टवरचा तो उंचवटा मग नुसताच फिरत राहतो.

कार्ब्युरेटर रस्त्याकडेला पान्या-पेचकसाने उघडता येतो, ही त्याची खरी ताकद. पण सोलापुरी उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते. शिवाय उसाच्या सोलापूर जिल्ह्याला इथेनॉल परके नाही. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागते. कार्ब्युरेटरच्या जेटचे भोक ठरलेले, त्यामुळे मिश्रण पातळ होते. इंजेक्शन सेन्सर पाहून ते बऱ्याच अंशी सावरते. जुने रबर मात्र दोन्हीकडे बदलावेच लागते.