लहान गळ्यांची गाणी

मूल बोलू लागले की त्याला काय वाचून दाखवावे, याचा विचार सुशिक्षित घरांतून बराच होतो. परंतु त्याला काय ऐकवावे आणि त्याच्याकडून काय गाऊन घ्यावे, याचा विचार त्याच्या शतांशानेही होत नाही. गोष्टीचे पुस्तक निवडताना भाषा सोपी आहे ना, चित्रे सुबक आहेत ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहणारी आई गाण्याच्या बाबतीत मात्र जे कानी पडेल त्यावर समाधान मानते. पाच वर्षांच्या मुलाने चित्रपटातील प्रणयगीत हावभावांसह म्हटले म्हणजे पाहुणे कौतुक करतात. ज्यांना हे रुचत नाही, ते दुसऱ्या टोकाला जाऊन, मोठ्यांनी मुद्दाम बोबडे बोल लिहून व त्यांस मिळेल ती चाल लावून तयार केलेली गीते मुलांपुढे ठेवतात. या दोहोंवाचून तिसरी वाट आहे की नाही, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हंगेरीसारख्या लहानशा देशात फार गंभीरपणे विचारला गेला, आणि झोल्तान कोदाय या थोर संगीतकाराने त्याच्या उत्तरासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचला. तो इतिहास आपल्या वाचकांस उद्बोधक वाटेल, असा आमचा समज आहे.

कोदायचा जन्म १८८२ साली केचकेमेत या गावी झाला. वडील रेल्वेच्या नोकरीत असल्यामुळे बदलीबरोबर बिऱ्हाड हलत असे, आणि त्याचे बालपण गालांता या लहान गावी गेले. हे गाव आता स्लोव्हाकियात आहे. तेथील प्राथमिक शाळेत त्याच्या बाकावर बसणारी बरीच मुले अनवाणी येत. या अनवाणी सोबत्यांची गाणी त्याच्या कानांत आयुष्यभर राहिली. पुढे १९३७ साली मुलांसाठी दोन आवाजांच्या गीतांचा पहिला भाग प्रसिद्ध करताना त्याने त्यांचेच स्मरण केले आहे. घरी वडील व्हायोलिन वाजवीत, म्हणजे शिष्टसंमत संगीतही त्याला परके नव्हते. परंतु खेड्यातील मुलांचे गाणे आणि शहरातील सुशिक्षितांचे गाणे यांत केवढी दरी पडली आहे, हे त्याला बुदापेस्तला शिकावयास आल्यावर कळले.

बुदा, पेस्त आणि ओबुदा ही तीन गावे १८७३ साली एक होऊन हे राजधानीचे शहर बनले. तेथील संगीताच्या शिक्षणावर जर्मन वळणाचा पगडा होता. उपाहारगृहांतून जिप्सी वादक जी गाणी वाजवीत, तीच अस्सल हंगेरियन लोकगीते होत अशी सुशिक्षितांची भाबडी समजूत असे. वस्तुतः त्यांतील बहुतेक एकोणिसाव्या शतकात शहरी हौशी मंडळींनी रचलेली होती. शाळांतून तर जर्मन चालींवर हंगेरियन शब्द बसवून मुलांकडून घोकून घेतले जात. यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे की, हंगेरियन भाषेत प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो. जर्मन गीताची चाल पुष्कळदा समेच्या अलीकडून, एखाद्या निराघात अक्षराने सुरू होते. अशा चालीत हंगेरियन शब्द कोंबला की आघात नको तेथे पडतो, आणि भाषा नुकती शिकणाऱ्या मुलाच्या तोंडी ती मोडून बसते. इंग्रजी शिशुगीताच्या चालीवर मराठी शब्द चढविले म्हणजे ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व कसे होतात, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे दुखणे समजावून सांगावयास नको.

खेड्यांतील गाणी गोळा करण्याचे काम बेला विकार या विद्वानाने आधीच आरंभिले होते. १८९६ पासून तो मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरवून घेणारे एडिसनचे यंत्र घेऊन गावोगाव हिंडत होता. कोदाय त्याच वाटेने १९०५ साली पहिल्या दौऱ्यावर निघाला. पुढल्या वर्षी त्याने हंगेरियन लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर प्रबंध लिहून पदवी मिळविली, आणि बेला बार्तोक या मित्राबरोबर वीस लोकगीतांचे एक लहान पुस्तक काढले. दोघांनी दहा दहा गीते केली होती. पुस्तकाचे स्वागत थंडपणानेच झाले. तथापि त्या दोघांच्या हाती एक मोठी गोष्ट लागली होती. म्हाताऱ्या शेतकरणींच्या तोंडची जुनी गाणी पाच स्वरांची होती. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानी रागाचीच स्वरावली. धानीची चलनपद्धती त्यांत नव्हती हे खरे, पण स्वर तेच.

बार्तोकने या धनाचा उपयोग प्रथम पेटीसमोर, म्हणजे पियानोसमोर, बसणाऱ्या मुलांसाठी केला. १९०८–०९ मध्ये त्याने 'मुलांसाठी' या नावाने पंचाऐंशी लहान तुकडे लिहिले. त्यांचा आधार हंगेरियन व स्लोव्हाक लोकगीते हा होता, आणि लहान हाताची बोटे सप्तकभर ताणली जाऊ नयेत म्हणून सप्तकाची झेप त्यांत टाळली होती. ज्याने त्या काळात युरोपातील श्रोत्यांना बिचकावून सोडणारे कठोर संगीत लिहिले, त्याच मनुष्याने मुलाच्या पंजाचे माप घेऊन संगीत बेतावे, ही गोष्ट आम्हांस त्याच्या मोठ्या कृतींइतकीच महत्त्वाची वाटते.

परंतु कोदायला वाद्यापाशी थांबणे पटले नाही. पियानो ज्याच्या घरी असेल तो असेल. गळा प्रत्येकास आहे. १९२५ साली एका मुलांच्या शाळेतील वृंद एन्द्रे बोरुश नावाच्या शिक्षकाने फार चांगला तयार केला होता. त्या मुलांसाठी कोदायने दोन गीते लिहिली. त्यांपैकी 'विल्लो' हे वसंतात सजविलेली डहाळी घेऊन दारोदार फिरणाऱ्या खेड्यातील मुलींच्या गाण्यांवर आधारलेले आहे. त्याच वर्षाची एक हकीकत त्याने वार्धक्यात सांगितली आहे. बुदाच्या टेकड्यांवर फिरावयास गेला असता सहलीस आलेल्या मुलींचा एक मेळावा त्याला गाताना ऐकू आला. झुडपांआड उभा राहून त्याने अर्धा तास ते गाणे ऐकले, आणि त्या गाण्यांचा ओंगळपणा ऐकून तो हादरला. पुढे चौकशीअंती कळले की त्या शिक्षिका होण्यासाठी शिकणाऱ्या मुली होत्या. आज यांच्या तोंडी जे आहे, तेच उद्या शेकडो बालकांच्या कानी पडणार, हे त्याच्या मनाला लागले. मोठ्या कृती लिहिणाऱ्या संगीतकाराने आपला वेळ पोरांच्या गाण्यांत दवडावा, याचे त्याच्या काही मित्रांना नवल वाटले असल्यास ते नवल नव्हे. त्याचे 'साल्मुस हुंगारिकुस' १९२३ सालीच गाजले होते.

१९२९ मध्ये त्याने मुलांच्या वृंदगायनावर जो निबंध लिहिला, तो वादाचा आहे आणि वादासाठीच लिहिलेला आहे. त्यातील एक युक्तिवाद येथे सांगण्याजोगा वाटतो. राजधानीतील संगीतनाट्यगृहाचा संचालक कोण, यापेक्षा कीशवार्दासारख्या आडगावी गायनशिक्षक कोण, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा, असे तो म्हणतो. कारण वाईट संचालक लगेच पदच्युत होतो, पण वाईट शिक्षक तीस वर्षे जागेवर राहतो आणि तीस तुकड्यांतील मुलांच्या मनातून संगीताची आवड नाहीशी करतो. १९४१ साली तो आणखी मागे गेला. शाळेत पोहोचेपर्यंत मुलाच्या कानाचे बरेचसे भवितव्य ठरून गेलेले असते, खरी कसोटी तिसऱ्या ते सातव्या वर्षांत आहे, असे त्याने बालशाळांतील संगीतावरील निबंधात मांडले. पुढे कोणी त्याला विचारले की शिक्षण केव्हा सुरू करावे, तेव्हा मुलाच्या जन्माआधी नऊ महिने, असे त्याने सांगितले; आणि नंतर तेही अपुरे वाटून, त्या मुलाच्या आईच्या जन्माआधी नऊ महिने, अशी दुरुस्ती केली.

या निबंधात त्याने बालशाळांसाठी मोठ्यांनी मुद्दाम रचलेल्या गाण्यांवर कडक टीका केली. ती गाणी सोपी नाहीत, केवळ निकृष्ट आहेत, हा त्याच्या म्हणण्याचा रोख होता. सोपे कशाला म्हणावे, याचे उत्तर त्याने मुलांच्या गळ्यातून शोधले. चार वर्षांच्या मुलाच्या गळ्याचा पल्ला फार तर पाचसहा स्वरांचा असतो. जेथे दोन स्वरांत निम्मेच अंतर असते, जसे ग आणि शुद्ध म, किंवा नि आणि वरचा सा, तेथे त्याचा गळा घसरतो. याच्या उलट वरच्या पंचमावरून गंधारावर उतरणे त्याला न शिकवता येते. आपल्याकडेही एखादे पोर दुसऱ्याला चिडवताना किंवा आईला दुरून हाक मारताना जे दोन सूर लावते, ते लक्ष देऊन ऐकावेत. बहुधा तेच सापडतील. मुलांच्या खेळांतील जुनी हंगेरियन गाणी पाहता त्यांत प, ध, प, ग अशा चारदोन स्वरांचीच उलटसुलट गुंफण वारंवार आढळते. म्हणून कोदायचा सल्ला असा की, आरंभी अर्धांतरे नसलेली पाच स्वरांची गाणी द्यावीत, आणि ती वाद्याच्या साथीवाचून गाऊ द्यावीत. पियानोच्या बांधलेल्या पट्ट्यांवर रेलणारा गळा स्वतःचे पाय कधी वापरीत नाही. बाजाच्या पेटीसंबंधी हीच तक्रार आपल्या जाणकारांनी केली आहे, आणि आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षांवर पेटीला मज्जाव केला होता. कारणे सर्वस्वी एक नव्हती. तरी कानाची काळजी दोन्हीकडे सारखी होती.

स्वर वाचावयास शिकविण्याची पद्धत कोदायने इंग्लंडातून उचलली. नॉर्विच येथील सारा ग्लोव्हर या बाईंनी एकोणिसाव्या शतकात चर्चमधील साध्यासुध्या लोकांना गाता यावे म्हणून ती बसविली, आणि जॉन कर्वेन याने तिचा प्रसार करून प्रत्येक स्वरासाठी हाताची एक खूण योजिली. तिचे मर्म एवढेच की, 'डो' कोणत्याही पट्टीत धरता येतो आणि बाकीचे स्वर त्याच्या नात्याने ओळखावयाचे. आपल्या वाचकांस यात नवीन काहीच नाही. आपला षड्ज आरंभापासूनच फिरता आहे. युरोपास ही गोष्ट मुलांसाठी म्हणून निराळी शोधावी लागली. कोदायचा सहकारी येनो आदाम याने शाळांसाठी जी क्रमिक पुस्तके केली, त्यांना 'सो-मी' असेच नाव होते. आपण त्याला 'प-ग' म्हटले असते.

युद्धानंतर १९५० साली कोदायच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, मार्ता नेमेशसेगी या शिक्षिकेच्या पुढाकाराने रोज गाणे शिकविणारी पहिली प्राथमिक शाळा निघाली. पुढे अशा शाळा शंभरावर गेल्या, आणि १९६४ साली बुदापेस्त येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जगभरच्या शिक्षकांनी हे काम पाहिले. १९६७ साली कोदाय वारला. या पद्धतीला आक्षेप नाहीत असे नाही. पद्धत म्हणून बाहेर गेल्यावर पुष्कळ ठिकाणी हातांच्या खुणा राहिल्या आणि खेळ नाहीसा झाला. हंगेरीची पाच स्वरांची शिडी, जेथील मुलांच्या खेळांत निराळेच स्वर घुमत होते तेथेही लावली गेली. शिवाय आपल्या मातीतील तेवढे शुद्ध आणि इतर भ्रष्ट, ही भूमिका कधी कधी सीमेपलीकडे जाते. उपाहारगृहातील जिप्सी वादकांनीही एका पिढीचे कान पोसले होते, हे न्यायाने म्हटले पाहिजे.

आता आपल्याकडे वळू. कोदाय विद्यार्थिदशेत होता त्याच सुमारास, १९०१ साली, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि मुलांसाठी क्रमिक पुस्तकेही लिहिली. ते कार्य मोठेच. परंतु त्याचा ओघ रागसंगीताकडून मुलाकडे येणारा होता. अंगणातून निघून वर जाणारी वाट आपल्याकडे फारशी कोणी चोखाळली नाही. ती नव्हतीच असे मात्र नव्हे. हस्त नक्षत्रात पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींची गाणी पाहा. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी रोज एकेकाने वाढत जाणारी ती गाणी सर्वांत धाकट्या मुलीलाही न शिकवता येतात. पल्ला लहान, ओळ आखूड, पुनरुक्ती भरपूर, आणि शेवटी खिरापत ओळखण्याची गंमत. कोदायला जे हवे होते त्यातील बहुतेक सर्व येथे आहे. शब्दांत सासुरवास आहे, म्हणून काही सुधारक घरांतून ही गाणी मुलींच्या वयाला अयोग्य ठरली, आणि शब्दांबरोबर चालीही गेल्या. सासुरवासाचे शब्द आज सात वर्षांच्या मुलीच्या तोंडी शोभत नाहीत हे आम्हांस मान्य आहे. पण शब्द बदलता येतात, चाल टाकून दिली म्हणजे ती पुन्हा मिळत नाही. नव्या रचनांना आमचा विरोध नाही. 'देवबाप्पा' (१९५३) या चित्रपटासाठी माडगूळकरांनी लिहिलेले आणि पु. ल. देशपांडे यांनी स्वरबद्ध केलेले मोराचे गाणे मुलांनी केव्हाच आपले करून टाकले आहे. पण अशी गाणी बोटांवर मोजण्याइतकी.

आपल्या संग्राहकांनी शब्द जपले. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्यांचे भांडार खुले केले, आणि पुढे हेमा राईरकर व गी प्वाटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या लक्षाच्या संख्येने जमविल्या, त्यांतील कित्येकींचा आवाजही मुद्रित करविला. मुलांच्या फेराच्या गाण्यांना असा भाग्ययोग लाभला नाही. हंगेरीतील लोकसंगीताच्या महासंग्रहाचा पहिला खंड १९५१ साली निघाला, तो विलापगीतांचा किंवा वीरगीतांचा नव्हे, तर मुलांच्या खेळांतील गाण्यांचा होता. ग्यॉर्ग्य केरेन्यी याने संपादिलेल्या त्या जाडजूड ग्रंथात हजारावर नोंदी आहेत, आणि चालीचे स्वर व शब्द यांच्याबरोबर खेळ कसा खेळावयाचा तेही त्यात सांगितले आहे. नवरात्राच्या सुमारास आपल्या बाजारात भोंडल्याच्या गाण्यांची चोपडी मिळते. तीत गाणी असतात, क्वचित हत्तीचे चित्र असते. चालीच्या जागी बहुधा काहीच नसते.