ज़ियाबेतीस, मधुमेह आणि उंदरांचं देणं

मी मुलांना उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे एकाच आजाराची दोन नावं माझ्या तोंडात असतात. मराठीत मधुमेह, म्हणजे मधासारखी लघवी. उर्दूत ज़ियाबेतीस. हा मूळचा ग्रीक शब्द, अरबीतून आपल्याकडे आला. अर्थ आहे आरपार वाहून जाणं. एका शब्दानं साखर पकडली, दुसऱ्यानं प्रवाह. आजाराचा धोका मात्र दोघांच्या मध्ये, मूत्रपिंडाच्या गाळणीत आहे.

ही गाळणी मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळते. पण गाळलेलं जवळजवळ सगळं परत रक्तात जातं, मग मोजायचं कसं? १९३०च्या दशकात अमेरिकेत होमर स्मिथ आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी इन्युलिन हा वनस्पतीतला पदार्थ वापरला. तो गाळला जातो, पण वाटेत परत शोषला जात नाही आणि नव्यानं मिसळतही नाही. लघवीतलं त्याचं प्रमाण गुणिले मिनिटाला जमणारी लघवी, भागिले रक्तातलं प्रमाण. पाचवीच्या मुलालाही जमेल असं गणित.

हे गणित मधुमेही प्राण्यांवर करायचं, तर आधी प्राण्याला मधुमेह व्हायला हवा. १८८९ मध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याच्या लघवीत साखर आली. १९४३ मध्ये अ‍ॅलॉक्झाननं सशांना, १९६३ मध्ये स्ट्रेप्टोझोटोसिननं कुत्र्यांना आणि उंदरांना मधुमेह करता येतो हे कळलं. नंतर उंदीर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून खाली थेंब थेंब लघवी गोळा करायची, ही प्रयोगशाळांची नेहमीची रीत झाली.

१९८०च्या सुमारास बोस्टनमध्ये बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी अशा उंदरांच्या एकेका सूक्ष्म गाळणीत काचेची बारीक नळी घातली. त्यांना दिसलं की सुरुवातीला मधुमेही गाळणी कमी नाही, उलट जास्त काम करते. आतला दाब वाढतो, आणि त्या दाबानंच ती हळूहळू झिजते. १९८६ मध्ये त्याच गटानं एनालाप्रिल देऊन तो दाब उतरवला आणि उंदरांच्या गाळण्या वाचल्या. १९९३ मध्ये ४०९ रुग्णांवरच्या अभ्यासात त्याच जातीच्या कॅप्टोप्रिलनं मूत्रपिंड बिघडण्याचा धोका जवळपास निम्मा केला.

हे पनवेलच्या घरात कशाला सांगायचं? कारण आमच्याकडे "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" म्हटलं की माणूस बिनधास्त होतो. माझी खालाही झाली होती. पण सुरुवातीची गाळणी जोरात चालते, म्हणून रक्ताचा आकडा चांगलाच दिसतो. झीज आधी दिसू शकते ती लघवीतल्या अल्ब्युमिनमध्ये. म्हणून वर्षातून एकदा ती तपासणी डॉक्टरांना मागावी, आणि दिलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नये. रमज़ानच्या आधी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज़्याचा निर्णयच घेऊ नये.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्यानं गुन्हे माफ झाल्याची हदीस आपण लहानपणी ऐकतो. मला आता तिच्यासोबत ती पिंजऱ्यातली जनावरंही आठवतात. त्यांनी स्वतःहून काही दिलं नाही, त्यांच्याकडून घेतलं गेलं. जे इतक्या किमतीला कळलं, ते रिपोर्टच्या फाइलमध्ये न वाचता ठेवणं मला बरोबर वाटत नाही.