शाळेचं साप्ताहिक वेळापत्रक कसं बनवायचं? कागदी हिशेबापासून स्प्रेडशीट आणि 'फेट'पर्यंत

विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जून सरता सरता उघडतात. मुलं यायच्या आधी स्टाफरूममध्ये एक मोठा कागद टेबलावर पसरलेला असतो, त्यावर पेन्सिल आणि खोडरबर. वर्धा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत हे काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. आधी कागदावर, मग एक्सेलमध्ये आणि आता एका मोफत सॉफ्टवेअरवर मी वेळापत्रक लावते. त्यातून जे कळलं ते या लेखात क्रमाने देते आहे. तुमची शाळा जिल्हा परिषदेची असो की संस्थेची, पद्धत तीच लागू पडते.

आधी हिशेब, मग चौकटी

बहुतेक जण थेट चौकटी भरायला घेतात आणि शुक्रवारपर्यंत आले की अडकतात. त्याआधी तीन बेरजा करायच्या.

उदाहरण घेऊ. इयत्ता ५वी ते १०वी, एकूण ८ तुकड्या. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तासिका, शनिवारी सकाळच्या ५. म्हणजे आठवड्याला ४५.

पहिली बेरीज शिक्षकांची. ८ तुकड्या गुणिले ४५ म्हणजे ३६० तासिका. शिक्षक १२ असतील तर प्रत्येकी ३०. इथेच बेरीज जुळत नसेल तर पुढे काही केलं तरी वेळापत्रक जुळणार नाही.

दुसरी बेरीज विषयाची. शासनाने ठरवून दिलेली विषयनिहाय तासिका विभागणी समोर ठेवा. समजा प्रत्येक तुकडीला गणिताच्या ६ तासिका धरल्या, तर ८ तुकड्यांच्या झाल्या ४८. आठवड्यात आहेतच ४५. म्हणजे एकच गणित शिक्षक असेल तर हे काम अशक्य आहे, कोणतंही सॉफ्टवेअर आणा. अर्धवेळ शिक्षकांचंही तसंच. कलाशिक्षक सोमवार, बुधवार, शुक्रवार येत असतील तर त्यांच्याकडे २४ जागा आहेत. ८ तुकड्यांना दोन-दोन दिल्या तर १६ लागतात, बसतं. तीन-तीन दिल्या तर २४, म्हणजे त्या तीन दिवसांत त्यांना एकही तास मोकळा नाही आणि एकही चौकट इकडची तिकडे करता येणार नाही.

तिसरी बेरीज बऱ्याच शाळा करतच नाहीत, ती तासांची. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार ६वी ते ८वीला वर्षात २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापनाचे तास लागतात (१ली ते ५वीला २०० दिवस, ८०० तास). सगळ्या तासिका ३५ मिनिटांच्या ठेवल्या तर वरच्या उदाहरणात आठवड्याला २६ तास १५ मिनिटं होतात. सहा दिवसांच्या आठवड्याने २२० दिवस म्हणजे साधारण ३६ आठवडे आणि ४ दिवस. गुणाकार येतो सुमारे ९६२ तास. जवळजवळ ३८ तास कमी! आता रोजच्या पहिल्या दोन तासिका ४० मिनिटांच्या करा आणि शनिवारच्या पाचही ४० च्या. आठवडा होतो साडेसत्तावीस तासांचा, वर्षाचे तास १००८. सोमवार ते शुक्रवार शाळा रोज फक्त दहा मिनिटं उशिरा सुटते आणि शनिवारी पंचवीस मिनिटं, पण हिशेब बसतो.

हे काम इतकं किचकट का?

एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्गांत पाठवता येत नाही, एका वर्गात दोन शिक्षक चालत नाहीत, प्रयोगशाळा एकच, मैदान एकच. प्रत्येक अट सोपी आहे. पण एक चौकट हलवली की दुसरी मोडते, ती सावरली की तिसरी. शिमॉन इव्हन, अलोन इताई आणि आदी शामीर या तिघांनी १९७६ मध्ये गणिताने दाखवून दिलं की वेळापत्रकाचा प्रश्न संगणकासाठीसुद्धा अत्यंत कठीण प्रश्नांच्या गटात मोडतो. त्यांतले शामीर म्हणजे आपल्या ऑनलाइन व्यवहारांच्या सुरक्षिततेत वापरल्या जाणाऱ्या 'आरएसए' मधला 'एस'. तेव्हा तुम्हाला दोन रात्री जागून जमलं नाही, तर दोष तुमच्या हुशारीचा नाही.

स्प्रेडशीटची पद्धत

दहापर्यंत तुकड्या असतील तर एक्सेल किंवा गुगल शीट्स पुरतं.

१. प्रत्येक शिक्षकाला दोन अक्षरांचा कोड द्या. पूर्ण नावं टाकू नका. एक वेलांटी चुकली तरी संगणक दोन वेगळी माणसं समजतो. डेटा व्हॅलिडेशनमधून कोडची यादीच लावून टाका, म्हणजे टायपिंगची चूक होणार नाही.

२. 'शिक्षक' नावाच्या शीटमध्ये पहिल्या दोन स्तंभांत वार आणि तासिका लिहा, म्हणजे ४५ ओळी झाल्या. पुढे 'सी' ते 'जे' या स्तंभांत ८ तुकड्या. अगदी अशीच दुसरी शीट 'विषय' नावाची करा.

३. सगळ्या चौकटी निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये काउंटइफचा नियम लावा: याच ओळीत, 'सी' ते 'जे' मध्ये, हा कोड एकापेक्षा जास्त वेळा आला तर चौकट लाल. स्तंभाच्या अक्षरापुढे डॉलरचं चिन्ह द्यायला विसरू नका, नाहीतर प्रत्येक चौकटीबरोबर नियमही सरकत जातो. आता एकच शिक्षक एकाच वेळी दोन वर्गांत टाकला की लगेच दिसेल.

४. बाजूला शिक्षकांची यादी करून संपूर्ण तक्त्यावर काउंटइफ लावा. कोणाच्या २६ झाल्या आणि कोणाच्या ३४, हे समोर येतं. कुरबुर होण्याआधी आकडा दिसलेला बरा.

भरण्याचा क्रमही महत्त्वाचा. ज्यांना पर्याय सगळ्यात कमी, ते आधी: अर्धवेळ शिक्षक, प्रयोगशाळेच्या जोडतासिका, मैदान, संगणक कक्ष. मग गणित, विज्ञान, इंग्रजी. भाषा आणि बाकी विषय शेवटी. वर्गशिक्षक सगळीकडे फिरू शकतात म्हणून त्यांना आधी भरलं, तर कलाशिक्षकांना जागाच उरत नाही.

तुकड्या जास्त असतील तर 'फेट'

'फेट' हे लिव्हियु लालेस्कू या रोमानियन प्रोग्रामरने सुरू केलेलं मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. त्यात शिक्षक, विषय, तुकड्या आणि 'कोण, कोणाला, काय, किती तास' ही माहिती भरायची, मग अटी द्यायच्या. शनिवारी पाचच तासिका असतील तर उरलेल्या तीन जागा 'ब्रेक' म्हणून बंद करायच्या.

त्याची काम करायची रीत आपल्यासारखीच आहे. सगळ्यात अवघड तासिका तो आधी बसवतो. जागा नसेल तर आडवी येणारी तासिका उचलतो आणि तिला दुसरीकडे जागा शोधतो. फरक एवढाच, की तो थकत नाही.

नवीन माणसाची नेहमीची चूक म्हणजे प्रत्येक अटीला १०० टक्के वजन देणं. 'अमुक सरांना शेवटचा तास नको' ही इच्छा आहे, ती सक्तीची केली की सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी अडकून बसतं. आधी फक्त सक्तीच्या अटी देऊन चालवून पाहा, मग एकेक वाढवा. कोणत्या अटीला अडलं ते लगेच कळतं.

जे कोणतंही सॉफ्टवेअर विचारत नाही

एका वर्षी मी फार सुंदर वेळापत्रक लावलं होतं. एकही चौकट लाल नाही, सगळ्यांच्या बरोबर ३० तासिका. ९वीचं गणित रोज पहिल्या तासाला, कारण सकाळी डोकं ताजं असतं. पहिल्या चाचणीत गणितात मागे पडलेल्यांची यादी काढली, तर त्यात बहुतेक नावं एसटीने येणाऱ्या मुलींची. बस पावसाळ्यात उशिरा पोचायची. परिपाठ बुडाला तर बुडाला, पण गणिताची पहिली पंधरा मिनिटंही रोज बुडत होती. हजेरीपटावर त्या हजरच होत्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. चूक माझी होती. तेव्हापासून मी आधी बसच्या वेळा विचारते आणि कोणताही एक विषय रोज त्याच तासाला ठेवत नाही.

वेळापत्रकातून शाळेला काय महत्त्वाचं वाटतं ते उघड होतं. हे वर्ध्याने फार आधी पाहिलं आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली आणि डॉ. झाकीर हुसेन समिती नेमली गेली. समितीने सुचवलेल्या साडेपाच तासांच्या दिवसात मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं होती, मातृभाषेला ४०, संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४०, समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३०, व्यायामाला १० आणि सुट्टीला १० मिनिटं. हाताने काम करून शिकायचं, हे नुसतं भाषणात सांगितलं नाही, घड्याळात बसवलं. आपल्या तक्त्यात कार्यानुभव आणि खेळ कायम शनिवारच्या शेवटी ढकलले असतील, तर आपणही काहीतरी सांगतच असतो.

लावून झाल्यावर सांभाळायचं कसं

- प्रत्येक आवृत्तीवर 'या तारखेपासून लागू' असं लिहा. जुनी प्रत भिंतीवरून काढून टाका. निम्मे घोळ दोन प्रतींमुळे होतात.
- मूळ फाइल एकाच व्यक्तीच्या हातात ठेवा, बाकीच्यांना फक्त बघण्याची परवानगी. ग्रुपवर पीडीएफ टाका.
- बदली तासिकांसाठी वेगळी शीट करा: तारीख, तासिका, वर्ग, कोणाच्या जागी कोण. महिन्याची बेरीज काढा. नाही म्हणता न येणाऱ्या माणसावरच दर वेळी भार पडतो, तो आकड्यात दिसतो.
- उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेचं वेळापत्रक आत्ताच वेगळ्या शीटवर तयार ठेवा. वर्ध्याचं ऊन तयारीला वेळ देत नाही.
- पहिले दोन आठवडे वेळापत्रक 'कच्चं' म्हणून चालवा आणि मुलांनाही विचारा. सलग तीन लिहायचे तास कुठे आले आहेत, हे त्यांच्या बोटांना आपल्या आधी कळतं.